कारण सांग, नुसता लुकलुकू नकोस
गीझरच्या स्मार्ट प्लगला अनावृत पत्र

प्रिय स्मार्ट प्लग,



तू बिघडलेला नाहीस. हे सगळ्यांत आधी सांगते, कारण आमच्या सोसायटीत सध्या तुला सगळे बोल लावताहेत. घरोघरी फायबर आलं, जुने राऊटर उतरले, नवे चढले. पाठोपाठ गीझरचे प्लग, बेडरूमचे बल्ब, दारावरचे कॅमेरे एकेक करत ऑफलाइन गेले. काही घरांतून तुझे धडधाकट भाऊबंद भंगारात निघाले आणि त्यांच्या जागी नवे मागवले गेले. ते नवेही जोडले जाईनात. म्हणून हे पत्र. मायना तुझ्या नावाचा आहे, पण तुला वापरणाऱ्यांनी ते वाचावं आणि तुला घडवणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

तुझी अडचण साधी आहे. घर म्हणून तुला दोनच गोष्टी ठाऊक: वायफायचं नाव आणि त्याचा पासवर्ड. राऊटर बदलला की दोन्ही बदलतात. तू मात्र वीज आली की जुनंच नाव शोधत बसतोस. ते सापडणार कुठून? यावरचा सर्वांत सोपा उपाय फायबर जोडायला आलेला माणूस घरात असतानाच करायचा. नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड त्याच्याकडून घालून घ्यायचा. इंग्रजी अक्षरं लहान-मोठी जशी होती तशीच हवीत, मधली मोकळी जागासुद्धा. मग बहुतेक वेळा तू कुणी हात न लावता जागेवर येतोस आणि तुझ्याबरोबर घरातले सगळे बल्ब आणि कॅमेरेही येतात. जुना पासवर्ड अर्ध्या सोसायटीला ठाऊक असेल किंवा अगदीच सोपा असेल, तर मात्र तो बदललेलाच बरा. तेव्हा थोडी मेहनत घेऊन प्रत्येकाला नव्याने जोडावं.

ती मेहनत नेमकी कुठे अडते, हे लोकांना कुणी सांगतच नाही. तुझ्यासारख्या कितीतरी स्वस्त उपकरणांच्या पोटात शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप किंवा तिच्या कुळातली दुसरी एखादी चिप असते. ही चिप २०१४ साली बाजारात आली आणि वायफाय हा एवढाएवढासा स्वस्त भाग झाला. तिला २.४ गिगाहर्ट्झचा एकच पट्टा ऐकू येतो. त्यात गैर काही नाही. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या भिंतींतून हा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा पोचतो आणि गीझर चालू-बंद करायला वेग लागतोच किती! पण फायबरबरोबर येणारे राऊटर दोन्ही पट्टे चालवतात आणि बऱ्याचदा दोघांना एकच नाव देतात. फोन जातो ५ वर, तू राहतोस २.४ वर.

याने काय बिघडतं? तुला जोडण्याची एक प्रचलित पद्धत मोठी चतुर आहे. नव्या वायफायचा मजकूर गुप्त केलेला असतो, तो तुला वाचता येत नाही. पण हवेतून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची लांबी तुला मोजता येते. फोनमधलं अ‍ॅप पासवर्डचं एकेक अक्षर या लांब्यांमध्ये भरून पाठवतं आणि पाकिटं न फोडता नुसत्या त्यांच्या मापावरून निरोप ओळखावा, तसा तू तो जुळवतोस. आता फोनच ५ वर बोलत असेल, तर तुझ्या कानावर काहीच पडत नाही. अशा वेळी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ५ चा पट्टा घटकाभर बंद करावा किंवा दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत. दुसरा मार्ग म्हणजे तुझा स्वतःचा हॉटस्पॉट. तुझं बटण दाबून धरलं की अनेक प्लगचा दिवा आधी भराभर लुकलुकतो. पुन्हा दाबून धरलं की तो संथ होतो आणि फोनच्या वायफाय यादीत तुझं नाव दिसू लागतं. फोन तिथे जोडून घरचा पासवर्ड थेट तुझ्या हाती देता येतो. त्या वेळी मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवावेत. नाहीतर ‘इथे इंटरनेट नाही’ म्हणत फोन तुला मधेच सोडून देतो.

अडथळे आणखीही आहेत. डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा २०१८ साली आली. तुझ्या पिढीतल्या अनेकांना २००४ ची डब्ल्यूपीए २ च समजते. राऊटर फक्त ३ वर असेल, तर तो दोन्ही चालतील अशा मिश्र पर्यायावर आणावा. सुरक्षा काढून टाकणं हा उपाय नव्हे. चॅनलचंही तसंच. भारतात १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेच्या हिशोबाने घडलेली उपकरणं ११ पुढे ऐकत नाहीत. १, ६ किंवा ११ यांतला एक कायमचा लावून ठेवावा.

आणि नाव. आमच्याकडे वायफायला हौसेने मराठी नाव देतात, मलाही ते आवडतं. पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी ३ बाइट घेते. ‘आमचं घर’ १९ बाइटमध्ये बसतं. ‘शिवनेरी निवास’ ३७ वर जातं आणि बसत नाही. जे बसतं तेही काही अ‍ॅपना धड वाचता येत नाही. मराठीत घराचं नाव लिहिलं म्हणून गीझर चालू नये, ही लाज मराठी माणसाची नाही, ते अ‍ॅप लिहिणाऱ्याची आहे. तोवर रोमन अक्षरं आणि आकडे वापरणं भाग आहे.

हे सगळं मला वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे नीट बघावं लागलं. बाथरूमच्या दाराबाहेर, डोक्याच्या वर, १६ अँपिअरच्या सॉकेटात तू बसलेला. काकू स्टुलावर चढू शकत नाहीत. पासवर्ड राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. त्यातला शून्य की ‘ओ’, एक की ‘एल’, हे भिंग लावूनही कळेना. अ‍ॅपने लोकेशनची परवानगी मागितली आणि काकूंनी ती नाकारली. अनोळखी मागणीला नाही म्हणायचं, हे त्यांना पेपरांतून आणि बँकेतून शंभरदा सांगितलं गेलंय. त्यांचं काय चुकलं? २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आजूबाजूची वायफाय शोधायला ही परवानगी लागत आली आहे, कारण त्या नावांवरून माणूस कुठे आहे ते कळतं. इतकं एक वाक्य अ‍ॅपमध्ये असतं, तर त्या विनासंकोच हो म्हणाल्या असत्या.

पुढची अडचण त्याहून मोठी. तुला विकत घेतलं आणि लावलं ते काकूंच्या मुलीने, दिवाळीत आली होती तेव्हा. त्यामुळे तू तिच्या खात्याला बांधलेला आणि ती टोरंटोला. बटण दाबून तुझ्यातलं वायफाय पुसलं, तरी काही कंपन्यांच्या सर्व्हरवर तू तिच्याच नावावर राहतोस. तिने तिच्या अ‍ॅपमधून तुला काढल्याशिवाय किंवा आईला त्या घराची वाटेकरी केल्याशिवाय काकूंच्या फोनला तू दाद देत नाहीस. इथली सकाळ म्हणजे तिथली रात्र. परदेशातून आई-वडिलांच्या सोयीसाठी अशा वस्तू लावून जाणाऱ्या सगळ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: खातं आई-वडिलांच्या नंबरवर उघडा आणि वाटेकरी तुम्ही व्हा. ज्यांच्या भिंतीवर वस्तू आहे, तिची मालकीही त्यांच्याचकडे असू द्या.

आता तुझ्याकडे येते. इतक्या सगळ्या कारणांपैकी कुठलंही असो, तू करतोस काय? लुकलुकतोस. अ‍ॅप म्हणतं, ‘जोडणी होऊ शकली नाही. नेटवर्क तपासून पुन्हा प्रयत्न करा.’ वास्तविक कारण तुला ठाऊक असतं! एस्प्रेसिफच्या चिपमध्ये प्रत्येक अपयशाला क्रमांक आहे. त्या नावाचं वायफायच सापडलं नाही, तर २०१. ओळख पटली नाही, तर २०२. म्हणजे पासवर्ड तपासायचा की पट्टा, याचा पुरावा तुझ्या पोटातच आहे. तो काकूंपर्यंत पोचत नाही, कारण तो पोचवायचा असं तुला घडवणाऱ्याला वाटलं नाही. मग पासवर्ड बरोबर असूनही माणूस तो पुन्हा पुन्हा टाइप करतो आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं स्वतःलाच बोलतो. माझा सगळा राग तिथे आहे. काकूंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दोन ओळींचं स्पष्ट कारण मिळालं असतं, तर त्यांनीच तुला मार्गावर आणलं असतं.

तुला टाकून देण्याआधी प्रत्येकाने एक परीक्षा मात्र घ्यावी. अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटला जुन्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्यावा, पट्टा २.४ निवडावा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए २ ठेवावी. तुझी आठवण पुसलेली नसेल, तर तू लगेच जोडला जातोस. काकूंच्या घरी तसंच झालं, तुझा दिवा स्थिर झाला आणि दोष राऊटरच्या मांडणीत आहे हे सिद्ध झालं.

तुला घडवणाऱ्यांकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत. खोक्यावर ‘फक्त २.४ गिगाहर्ट्झ’ हे ठळक मराठीत, हिंदीत छापा. अपयशाचं कारण माणसाच्या भाषेत दाखवा. इंटरनेट असो वा नसो, अंगावरच्या बटणाने गीझर लागलाच पाहिजे आणि बंदही झालाच पाहिजे. सर्व्हर बंद झाला तरी वस्तू घरातल्या घरात चालली पाहिजे. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांची अ‍ॅप जागच्या जागी निकामी झाली. त्याच वर्षी आलेल्या मॅटर या सामायिक प्रमाणामुळे घरातल्या घरात हुकूम चालवणं शक्य आहे, तेव्हा सबब उरलेली नाही. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला: सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाने आधीच जाहीर करायचं. आपल्याकडेही प्लग घेताना ती तारीख विचारायची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर वस्तू परत ठेवावी.

तुझ्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. पहाटे काकांच्या डायलिसिसच्या आधी पाणी तापलेलं असतं, ते तुझ्यामुळे. मधेच उठून गीझर लावायची काकूंची पायपीट तू वाचवलीस. म्हणूनच तू माझ्या लेखी खेळणं नाहीस. तू ज्यांच्या उपयोगी पडतोस, त्यांना दुसऱ्या कुणाला न बोलावता तुला सुरू करता आलं पाहिजे. तेवढं होईपर्यंत तुला ‘स्मार्ट’ म्हणायला मी तयार नाही.

कळावे,

तुझी,
काकूंची खालच्या मजल्यावरची शेजारीण