काम कायमचं, माणूस तात्पुरता

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांमध्ये आम्ही काम करतो. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, तेव्हा विहारात बसून पोरापोरींचे अर्ज आम्हीच भरले. बारावी पास असेल तर ६,०००, आयटीआय-पदविका ८,०००, पदवीधर १०,००० रुपये महिना विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिने झाली.

आमच्या वस्तीतली एक पदवीधर मुलगी एका पालिका कार्यालयात लागली. दाखल्यांच्या नोंदी संगणकावर चढवायच्या, खिडकीवरची रांग सांभाळायची. लिपिकाचंच काम, नाव मात्र प्रशिक्षण! मुदत संपली आणि ती प्रमाणपत्र घेऊन घरी बसली. "पोरगी तिथेच चिकटेल," असं तिच्या आईला आम्हीच सांगितलं होतं. योजनेत तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, पण तो मुख्यतः ग्रामीण भागासाठी. आमच्या नाक्यावरच्या मजुराला, शिकलेल्या पोरीला पालिकेकडे काम मागण्याचा हक्कच नाही. केरळमध्ये मात्र अय्यंकालींच्या नावाने शहरी रोजगार हमी योजना आहे. तिथे कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांचं काम द्यायची जबाबदारी नगरपालिकांवर आहे. मग आपल्याकडे का नाही?

किती प्रशिक्षणार्थी घेतले आणि तेव्हा लिपिकांची किती मंजूर पदं रिकामी होती, हे उल्हासनगर महापालिकेला आणि दोन्ही नगरपरिषदांना माहिती अधिकारात विचारायचं ठरलं आहे. अर्ज ती मुलगी स्वतःच्या नावाने करते आहे.