शेवटचं पान

अण्णा एसटीत कंडक्टर. अंबाजोगाईहून त्यांची मुक्कामी गाडी गावात शिरली की आम्ही सख्खी-चुलत मिळून सात भावंडं पारावर हजर. तिकिटाच्या पेटीखाली आज ‘चांदोबा’ असणार की नाही, यावर पैजा लागायच्या. मुलांसाठी पुस्तकं निवडायची असतात, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. येईल ते आपलं.

‘चांदोबा’ हे मुलांचं मासिक मद्रासहून निघायचं, मराठीत १९५२ पासून. अंक एक आणि वाचणारे सात, म्हणून मोठा चुलतभाऊ दाभणानं पिना उचकटून त्याच्या वाटण्या करायचा. “वेताळाचं कुणाकडं हाय रे?” आजी सुपातले खडे वेचता वेचता विचारायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा विक्रम तिला लांबूनही कळायचा. मग ज्याच्याकडं तो तुकडा, त्यानं कंदिलाजवळ बसून मोठ्यानं वाचायचं. अंक सगळ्यांचा वाचून झाला की काकू तो सुतळीनं शिवून टाकायची. पानं मागंपुढं व्हायची, आम्हाला चालायचं.

काकूचा भाऊ मास्तर होता. दिवाळीला तो ‘किशोर’ आणायचा. बालभारतीनं हे मासिक १९७१ मध्ये काढलं होतं, आणि कागद इतका चांगला की हात धुऊनच शिवायचं. त्यानंच एकदा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला. त्यातल्या बन्या फेणेचं गाव फुरसुंगी, हे लेखकानं रचलेलं नाव, असं आम्ही ठरवून टाकलेलं. अण्णा म्हणाले, “अरे, खरं गाव हाय ते. पुण्याजवळ, हडपसरच्या पल्याड.” त्या दिवशी बन्या आमच्यासाठी खरा झाला.

१९८७ मध्ये शाळांना साहित्य पुरवणारी खडू-फळा योजना निघाली आणि पुढं केव्हातरी शाळेत पुस्तकांची लोखंडी पेटी आली. आली आणि कुलपात गेली. “फाटलं तर माझ्या पगारातून कापतील,” गुरुजी म्हणायचे. त्यांचंही खोटं नसावं. पण राग यायचा, अजून येतो. पेटी उघडायची ती तपासणीच्या दिवशी. पुस्तकं दोरीवर उपडी टांगलेली, बाहेरून नुसती मुखपृष्ठं. मजकूर हवा तर खाली उकिडवं बसून मान वर करायची. नॅशनल बुक ट्रस्टची कितीतरी पुस्तकं मी अशी दोन-दोन पानांपुरती वाचली.

वर्गातला एक जण दसरा-दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. एका वर्षी मुकादमाचा ट्रक निघताना मी माझी वाटणी त्याच्या हातात कोंबली. त्यात वेताळाची गोष्ट होती, पण तिचं शेवटचं पान धाकट्या बहिणीच्या वाटणीत गेलेलं. म्हणजे वेताळाचा प्रश्न त्याच्याबरोबर कारखान्यावर गेला आणि राजाचं उत्तर आमच्या घरी राहिलं.

तो गुढीपाडव्याच्या सुमाराला परतला. पानांना धुराचा वास, कडा काळ्या पडलेल्या. कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांतल्या, पोरांना रोज रात्री हीच गोष्ट सांगितली, म्हणाला. “आन् शेवट?” मी विचारलं. त्यानं आपला शेवट सांगितला. त्यात राजा वेताळाला म्हणतो, आधी खाली उतर, माझा खांदा दुखायलाय, मग सांगतो.

आजीला ते इतकं पटलं की छापलेलं उत्तर तिनं पुन्हा वाचू दिलं नाही.