दादा नेमका कोणत्या रकान्यात?

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये सध्या दोनच विषय चालतात. एक म्हणजे वरणात पाणी किती, आणि दुसरा म्हणजे नोकऱ्या आहेत कुठे! दुसऱ्या विषयावर प्रत्येकाकडे एक आकडा तयार असतो. कुणी म्हणतं देशात बेरोजगारी तीन टक्के, कुणी म्हणतं पाच, कुणी थेट दहा. गंमत म्हणजे तिघंही मोबाईलवर सरकारी आकडाच वाचत असतात. (मी कॉन्व्हेंटची, आकडे मनातल्या मनात इंग्रजीतच मोजते. त्यामुळे मराठी विभागासाठी आकड्यांवर लिहितेय म्हटल्यावर रूममेट्स खूप हसल्या. असो.)

तर मुद्दा असा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने जून २०२४ मध्ये 'ई-सांख्यिकी' नावाचं पोर्टल सुरू केलं आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला एक 'एमसीपी सर्व्हर' जोडला, चाचणी स्वरूपात. एमसीपी म्हणजे एआय प्रोग्रॅमने बाहेरच्या माहितीसाठ्याशी बोलायची एक ठरलेली पद्धत. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. मंत्रालयाने सुरुवातीला सात प्रकारची आकडेवारी यात दिली. महागाई, औद्योगिक उत्पादन वगैरे, आणि आपल्या कामाचं म्हणजे पीएलएफएस, अर्थात रोजगाराची पाहणी.

आपल्या लायब्ररीतल्या काकांना "सर्किट्सचं पुस्तक द्या" म्हटलं की ते आधी विचारतात, कोणत्या ब्रँचचं? कोणतं सेमिस्टर? नवा सिलॅबस की जुना? मग कपाटाकडे जातात. हा सर्व्हर एआयला तसंच वागायला लावतो. आधी कोणती पाहणी ते ठरव, मग त्यातला कोणता निर्देशक, मग राज्य, वर्ष, वय, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी यांचे कोड बघून घे, आणि शेवटी आकडा माग. एआयला नुसतं विचारलं तर आठवेल ते ठोकून देतो, तेही फार आत्मविश्वासाने! इथे त्याला पायऱ्या चढाव्याच लागतात.

मी लॅपटॉपवर हे जोडून मेसमधलं भांडण त्याच्यापुढे ठेवलं. निघालं काय, तर तिघंही बरोबर! ३.२ टक्के हा जुलै २०२३ ते जून २०२४ चा, १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा. त्याच वर्षात फक्त १५ ते २९ वयाची मुलं-मुली घेतली की तो होतो १०.२. आणि ५.१ हा एप्रिल २०२५ चा, पहिल्या मासिक पत्रकातला. आता ३.२ आणि ५.१ शेजारी ठेवून "बघा, बेरोजगारी वाढली" म्हणायचा मोह होतो ना? पण पहिल्यात माणसाचं मागचं अख्खं वर्ष बघतात, दुसऱ्यात फक्त मागचे सात दिवस. वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत. म्हणून तर मधल्या पायऱ्या महत्त्वाच्या, नाहीतर चुकीच्या कपाटातलं पुस्तक घेऊन आपण परीक्षेला बसायचो.

इथपर्यंत मी खूश होते. मग सुट्टीत एसटीने पारोळ्यावरून धुळ्याला गेले आणि दादाबद्दल विचारावंसं वाटलं.

दादा मेकॅनिकलचा बी.ई. आहे. दोन वर्षं झाली. आग्रा रोडला बाबांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, तिथे सकाळी शटर उघडतो, दुपारी बाबा जेवायला आले की गल्ल्यावर बसतो. पगार नाही. रात्री अर्ज भरतो. आजी रोज अहिराणीत विचारते, "तू काय करस भाऊ?" आणि दादा रोज म्हणतो, "काही नाही, आजी."

पाहणीच्या नियमात मात्र तो 'काही नाही' नाही. घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणारा हा काम करणाराच धरतात, तेही स्वयंरोजगारात. मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात. रात्रीचे अर्ज त्यात मोजले जात नाहीत, कारण काम आणि कामाचा शोध दोन्ही असेल तर काम आधी. म्हणजे मेसमधल्या ३, ५ किंवा १०, कोणत्याच आकड्यात बेरोजगार म्हणून माझा दादा नाही!

मला आधी रागच आला. पण शेतात घरच्यांबरोबर राबणारी रावेर-यावलकडची केळीवाली मंडळीही याच नियमाने मोजली जातात, आणि त्यांना 'रिकामे' म्हणणं तर त्याहून चुकीचं. मदतनिसांचा वेगळा तक्ताही आहे, फक्त तो कुणी मागत नाही. एआयला "बेरोजगारी किती" विचारलं तर तो बेरोजगारीच आणून देणार. मदतनीस मागायचे हे आपल्याला सुचायला हवं.

धुळ्याचा आकडाही मागितला. मासिक आकडे देशाचे, तिमाहीचे राज्यांचे. मी शोधले त्या तक्त्यांत राज्याखाली पायरीच नव्हती. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर लगेच १९२७ मध्ये सुरू झालेलं. राजवाडे जुनी दप्तरं मिळवायला गावोगाव फिरले. जे कुणी लिहूनच ठेवलं नसेल, ते त्यांनाही सापडलं नसतं. इथेही तसंच.

जेवताना दादाला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पाहणीवाले घरी आले तर उत्तर कोण देतं?"

घरातलं कुणीही माहीतगार माणूस, मी म्हटलं. म्हणजे आमच्याकडे बाबाच.

बाबांनी मान वर न करता सांगितलं, "दुकान बघतो म्हणेन. मग काय म्हणू?"

दादा काही बोलला नाही. आजीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.