जुनं मोटरहोम घेताना

कोकणातलं घर चार पावसाळे बंद राहिलं की त्याचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र घर होतं तसंच दिसतं. इकडे अमेरिकेत जुनं मोटरहोम बघायला जाताना डोळ्यांसमोर हे बंद घर ठेवावं, गाडी नव्हे, असं माझं मत हल्ली पक्कं होत चाललंय.

मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर. पलंग, गॅस, फ्रिज, संडास, पाण्याच्या टाक्या, सगळं आत. आमचं नोव्हाय डेट्रॉईटच्या शेजारचं. इथे दर दुसरा माणूस मोटारींच्या धंद्यातला, त्यामुळे गाडीतलं आपल्याला कळतं असं प्रत्येकाला वाटतं (मीही त्यातलाच). या गाड्यांची पंढरी म्हणजे इंडियानातलं एल्खार्ट, तेही इथून तीनेक तासांवर. २०२० मध्ये करोनाने विमानं आणि हॉटेलं बंद पाडली तेव्हा लोक या चाकांवरच्या घरांवर तुटून पडले. २०२१ साली, ओढत न्यायचे ट्रेलर धरून, कारखान्यांतून सुमारे ६ लाख घरं बाहेर पडली. पुढे ऑफिसं सुरू झाली, हौस फिटली, आणि त्यातली बरीच विकायला निघाली. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं: फक्त ८ हजार मैल!

आपली माणसं नेमकी इथेच भुलतात. एसटी पळून पळून म्हातारी होते, मोटरहोम उभं राहून म्हातारं होतं.

माझ्या एका मित्राचे आईवडील गेल्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणार होते. काकूंचे गुडघे दुखतात आणि हायवेवरच्या स्वच्छतागृहांचा त्यांना धसका. तेव्हा जुनं मोटरहोम घेऊन त्यांना मॅकिनॉ पुलापलीकडे, वरच्या मिशिगनमध्ये फिरवून आणायचं असं ठरलं. साठवलेले पैसे यात घालायचे होते, आणि घरमालकाकडून थेट घ्यायचं म्हणजे वॉरंटी नाही. गाडी जशी आहे तशी तुमची. मला बरोबर नेलं ते इंजिनियर म्हणून.

पहिली गाडी चकाचक होती. मैल कमी, पडदे नवे, आत सुगंधी फवारा मारलेला. फवाऱ्याचा वास आला की मी सावध होतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो, त्याचा पुढचा कोपरा पाणी शिरायची आवडती जागा. गादी उचलून अंगठ्याने दाबलं तर भिंत बिस्किटासारखी दबली. बाहेर येऊन टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाकला, तेव्हा पत्र्यावर फुगवटे दिसले. म्हणजे आतलं लाकूड कुजून वरचा थर सुटलेला. शिडीवर चढून छप्पर पाहिलं, तर झरोक्यांभोवती नवंकोरं सीलंट चोपडलेलं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं, ते लावायची गरजच पडली नाही. वहिनींना ती गाडी फार आवडली होती. परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे नळ. मिशिगनच्या हिवाळ्यात पाणी नळ्यांतच गोठतं आणि नळ्या फुटतात. म्हणून ऑक्टोबरच्या सुमाराला सगळं पाणी काढून गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ भरून ठेवतात. एखाद्याने एका वर्षी आळस केला तर? ते हिवाळ्यात कळायचा मार्ग नाही. त्यामुळे सौदा मे महिन्यात करावा आणि मालकाला टाकी भरून ठेवायला सांगावं. पंप चालू करायचा, सगळे नळ बंद ठेवायचे. दाब भरला की पंप गप्प बसला पाहिजे. थोड्या वेळाने आपोआप घुर्र करून पुन्हा सुरू झाला, तर कुठेतरी गळती आहे.

गॅसला आपली घरगुती परीक्षा चालते, साबणाचा फेस. फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालवून बघावा, आणि त्याला गार व्हायला काही तास लागतात म्हणून मालकाला आदल्या दिवशीच लावून ठेवायला सांगावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उलटा करून तारीख वाचावी. ही यंत्रं पाच ते सात वर्षांत निकामी होतात, आणि गॅसच्या शेजारी झोपायचं असताना तिथे काटकसर नको. जनरेटर नुसता सुरू करून भागत नाही. छतावरचा एसी लावून अर्धा तास चालवावा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत आणि रबर म्हातारं, ही उभ्या गाडीची खूण. मागे जोडटायर असतात, त्यातला आतला कोणी बघत नाही. वाकून बघावा.

आणि एक गोष्ट खास आपल्या कुटुंबांसाठी. जाहिरातीत ‘आठ जण झोपू शकतात’ असं असतं, पण सीटबेल्ट मोजले तर सहाच! दाराजवळच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, आणि पाणीही त्यातच धरायचं. पन्नास गॅलनची टाकी भरली की १९० किलो तिथेच गेले.

चौथी गाडी एका आजोबांची होती. नव्वद हजार मैल, पडदे विटके, गालिचा तपकिरी. पण त्यांनी एक वही दिली. तेल कधी बदललं, छप्पर कधी तपासलं, अँटिफ्रीझ कधी भरलं, सगळं तारीखवार आणि पावत्यांसकट. आम्ही सांगितल्याप्रमाणे त्यांनी इंजिन सकाळपासून सुरू केलं नव्हतं. बॉनेट गार होतं. तरी मी चटई टाकून खाली शिरलो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात (डेट्रॉईट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे), आणि ते चासी आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या खातं. वरवरचा गंज होता, पापुद्रे सुटलेले नव्हते. ब्रेकची एक नळी बदलायला हवी होती. आजोबांनी तेवढे पैसे कमी केले.

कागदपत्रांत दोन गोष्टी. टायटलवर बँकेचं कर्ज नोंदवलेलं नाही ना ते पाहावं, आणि गाडीचा व्हीआयएन क्रमांक सरकारी रिकॉलच्या यादीत तपासावा. ते फुकट असतं. मिशिगनमध्ये वाहनांच्या नोंदीचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेटचं ऑफिस करतं. विकणाऱ्याला घेऊन एकत्रच तिथे जावं. पंधरा दिवसांत टायटल नावावर करावं लागतं आणि सहा टक्के कर भरावा लागतो, तो आधीच हिशेबात धरावा. गाडी उभी करायला जागाही लागते; अनेक सबडिव्हिजन ती दारात ठेवू देत नाहीत. मित्राने गावाबाहेर भाड्याने जागा घेतली आहे.

जूनमध्ये ते सगळे निघाले. निघायच्या आदल्या रात्री त्याने काकूंचं स्वयंपाकाचं सामान बाथरूममधल्या काट्यावर ठेवून तोललं. त्यात कुकर दोन निघाले.