गर्दी नसलेली जागा सांगा, म्हणता?

शुक्रवारची दुपार झाली की माझ्या फोनवर एक ठरलेला मेसेज येतो. शब्द बदलतात, मागणी तीच. "दादा, अलिबाग, काशिद, कोलाड सोडून काहीतरी सांगा. जिथे गर्दी नसेल असं. दोन दिवस शांत बसायचंय." कधी डिप्लोमाच्या वर्गातला जुना मित्र असतो, कधी मुंबईतल्या डेस्कवरचा सहकारी, कधी कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र. त्याला माझा नंबर कुणी दिला देव जाणे. पेण-रोह्याचा पत्रकार म्हणजे फुकटचं टुरिस्ट ऑफिस, असा बऱ्याच जणांचा समज झालाय.

त्यांचा त्रास खोटा नाही. शनिवारी सकाळी रामवाडीत एसटी स्टँडजवळ हायवेच्या कडेला अर्धा तास उभं राहा, सगळं कळतं. गाडीत मागे पेंगणारी पोरं, पुढे नवरा-बायकोचं धुसफुसणं, आणि वडखळला अजून किती वेळ लागेल म्हणून चहावाल्याला विचारणारे लोक. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पट्टा चौपदरी करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आता मतदार झाली. असो, त्या विषयावर मी इतक्या पोस्टी लिहिल्यात की तुम्हाला पाठ असतील.

तर आज एकदाच सविस्तर लिहितोय. बाहेरच्यांना चार जागा सांगतोच. पण ही पोस्ट खरं तर आपल्या इथल्यांसाठी आहे. जी जागा आज 'गर्दी नसलेली' आहे तिचं उद्या काय होतं, हे आपण आपल्याच जिल्ह्यात बघितलंय.

भिरा आठवा. पंधराएक वर्षांपूर्वी भिरा म्हटलं की टाटांचं वीजघर, एवढंच लोकांना ठाऊक. (मार्च २०१७ मध्ये तिथे ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर नाव झालं, तो भाग वेगळा.) मग कुणीतरी देवकुंडचा फोटो टाकला. हिरवंनिळं पाणी, वरून पडणारी धार. बघता बघता रांगा लागल्या. गावातल्या पोरांना वाट दाखवायचं काम मिळालं, बायकांनी भाकरी-पिठल्याच्या पंगती सुरू केल्या, चार पैसे आले. मग बुडालेल्यांच्या बातम्या यायला लागल्या. त्यातल्या काही मीच दिल्यात. आणि मग पावसाळा आला की जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश. म्हणजे झालं काय? गर्दी गावाने बोलावली नव्हती आणि बंदीही गावाने घातली नाही. दोन्ही वेळा निर्णय बाहेरच झाला. मधल्या मध्ये ज्याने कर्ज काढून टपरी टाकली तो बसला हप्ते फेडत.

माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर १६ जुलै २०२४ ला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. मुंबईहून आलेली एक तरुणी रील करताना जवळपास तीनशे फूट खोल दरीत पडली. तिला वर काढायला कोलाडच्या बचावपथकातले लोक गेले होते. ती वाचली नाही. त्या दिवशी तिच्याबद्दल कमेंटमध्ये जे काय लिहिलं गेलं ते वाचून मला लाज वाटली. अरे, ती तिचं काम करत होती. लोकांना नवी जागा दाखवणं हेच तिचं काम. प्रश्न तिच्या पुढचा आहे. एखादी जागा लाखो फोनवर पोचते, आणि ती पोचली हे ग्रामपंचायतीला कळतं कधी, तर रविवारी पार्किंगवरून पहिलं भांडण होतं तेव्हा.

तरी सांगतो. कारण न सांगितल्याने काही थांबत नाही, आणि बघण्यासारखं आपल्याकडे खरंच आहे.

पहिलं म्हणजे गाडी घरी ठेवा. दिवा-रोहा मेमू आहे. आपटा सोडलं की जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. खिडकीतून एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला शेतं नि खाजण. हमरापूरला गणपतीच्या आधी उतरलात तर गावात घरोघरी मूर्ती रंगताना दिसतील. एवढ्यावरही एक दिवस सहज जातो आणि वडखळ लागत नाही.

रोह्याला उतरलात तर अवचितगड. पिंगळसईतून वाट आहे, मेढ्यातून आहे, पडममधूनही आहे. झाडी इतकी दाट की उन्हाळ्यातसुद्धा चढताना सावली मिळते. वर महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, तोफ आणि बारा कोनांचा बांधीव तलाव. वरून कुंडलिका वळणं घेत खाडीकडे जाताना दिसते, रोहा शहर आणि धाटावची एमआयडीसीही दिसते. ते दृश्य मला आवडतं, कारण ते खोटं नाही. नदी, किल्ला आणि केमिकलच्या चिमण्या, तिन्ही आपलेच. रोह्यापलीकडे घोसाळगड आहे, तो गावाच्या डोक्यावरच उभा आहे. पावसात तिथला कातळ निसरडा होतो, तेव्हा नाही गेलात तर बरं.

पण मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी कुडा म्हणेन. रोह्याहून पुढे तळ्याच्या बाजूला, मांदाडच्या खाडीवर, डोंगरात कोरलेली २६ बौद्ध लेणी. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी. अजिंठा-वेरूळ बघून आलेल्याला साधी वाटतील. पण तिथले शिलालेख कुणाचे आहेत ते बघा. राजाचे नाहीत बरेचसे. एक वैद्याच्या घरातला. एक माळ्याचा, म्हणजे फुलं विकणाऱ्याचा. भिक्षुणींचे आहेत. एक तर कऱ्हाडहून आलेल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा आहे. आता कऱ्हाड कुठे, मांदाड कुठे! घाट उतरून, बैल नाहीतर तांडा घेऊन तो इथल्या बंदरावर आला असणार, कमावलं असणार, आणि त्यातलं काहीतरी इथल्या डोंगरात ठेवून गेला. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच बसून राहिलो. बाहेरून आलेला माणूसही एखाद्या जागेला काही देऊन जाऊ शकतो, याचा पुरावा दगडात आहे. आपल्याकडे हल्ली बाहेरून आलेला माणूस दगडावर बदाम कोरून जातो.

पेणच्या बाजूचं थोडक्यात. सांकशीचा किल्ला, पायथ्याला दर्गा, वर खडकात खोदलेली पाण्याची भरपूर टाकी. चढायला जपून, शेवटचा कातळ सोपा नाही, गावातला माणूस बरोबर घ्या. गागोदे बुद्रुक, विनोबांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५. जमीन मागत देशभर चालत फिरलेला माणूस जिथे जन्मला, त्याच तालुक्यात आज जमिनीच्या एजंटांचे बोर्ड आंब्याच्या झाडांना ठोकलेले दिसतात, हेही बघून घ्या. फणसाड अभयारण्यात शेकरू आहे, पण दोन तासांत 'कव्हर' करायला जाणार असाल तर जाऊच नका. आणि थंडीत आलात तर कुणाच्या तरी वाडीत पोपटी लावलेली असेल. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, जाळ. बोलावलं तरच जायचं. पोपटीला तिकीट नसतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहिली ते.

मागच्या उन्हाळ्यात एका किल्ल्याच्या पायथ्याच्या वाडीत गेलो होतो. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. एका ताईंच्या ओटीवर बसलो होतो. पर्यटक येतात का म्हणून विचारलं. म्हणाल्या, "येतात ना भाऊ. चांगली असतात पोरं. पण आधी पाणी मागतात, मग संडास कुठेय विचारतात. पाणी आम्ही मार्चपासून खालच्या विहिरीवरून आणतो. आणि संडास एकच, घरात माणसं आठ. पोरीबाळी असतात त्यांच्यात, नाही कसं म्हणायचं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "जेवणाचे पैसे देतात. पाण्याचे कोण देतं का?"

एवढंच त्या बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता, उलट आम्हालाच पुन्हा चहा ठेवला. पण मी गेली वीस-बावीस वर्षं पर्यटन विकासाच्या बैठकांना बसतोय. प्रेझेंटेशनमध्ये लाईट अँड साऊंड शो असतो, सेल्फी पॉईंट असतो, रोपवे असतो. त्या ताईंचा हंडा कुठल्याच स्लाईडवर मी बघितलेला नाही.

इर्शाळवाडी आठवल्याशिवाय हा विषय माझ्याच्याने पुरा होत नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगड मुंबई-पुण्याच्या ट्रेकर मंडळींच्या चांगल्या ओळखीचा. किती जणांनी त्या ठाकरवाडीतल्या घरांत चहा घेतला असेल, जेवले असतील. ऑफबीट, शांत, गर्दी नसलेली जागा म्हणून. पण वाडीपर्यंत रस्ता नव्हता. दरड कोसळली तेव्हा बचावाचे लोक चालत वर चढले, मशिन नेता येत नव्हतं. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवावा लागला. ती वाट इतकी वर्षं ट्रेकरांना 'निसर्गरम्य' होती. वाडीतल्या माणसाला तीच वाट आजारी बाईला झोळीत घालून उतरवायची होती. आपण जिला अनवट जागा म्हणतो ती बऱ्याचदा फक्त रस्ता न पोचलेली जागा असते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कुठली जागा उघडायची, किती उघडायची, हे पायथ्याच्या गावाने ठरवावं, आणि रील यायच्या आधी ठरवावं. हे काही स्वप्नरंजन नाही. साताऱ्याच्या कास पठारावर झालंय. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात कास होतं, आणि फुलं बघायला लोंढे आले. मग तिथे प्रवेश शुल्क आलं, ऑनलाईन बुकिंग आलं, दिवसाला तीन हजारांची मर्यादा ठरली, आणि व्यवस्थेत आजूबाजूच्या गावांची माणसं आली. सगळं गुण्यागोविंदाने चाललंय असं मी म्हणत नाही, तिथेही कुरबुरी आहेत. पण निदान बोलायला एक टेबल आहे.

आणि गावाने काय ठरवायचं, गावाला काय कळतं, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने पेण तालुक्याचा इतिहास काढून बघावा. २१ सप्टेंबर २००८. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान झालं होतं. बायका भाताची कामं टाकून रांगेत उभ्या होत्या. एवढ्या मोठ्या प्रश्नावर ज्यांनी मत दिलं त्यांना रविवारी किती गाड्या आत सोडायच्या हे ठरवता येणार नाही?

फार काही लागत नाही. पार्किंगची पावती ग्रामपंचायतीची. दहा माणसांमागे गावातला एक वाटाड्या, त्याचा दर फळ्यावर. दोन संडास आणि त्यांच्यासाठी टाकी. पावसाळ्यात किल्ल्याची कुठली वाट बंद, हे कलेक्टरांच्या आधी गावाने सांगायचं. महिन्याचा एक आठवडा कुणीच यायचं नाही असं गावाने ठरवलं तर तेही चालेल. आणि एसटी. सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी एक गाडी पायथ्यापर्यंत गेली तर पर्यटकाची सोय होईल, आणि वाडीतल्या पोरीची कॉलेजची सोय त्याआधी होईल. रामवाडीला विभागीय कार्यालयात मी हे तोंडी बोललोय. लेखी मागणी गावाकडून आली तर जोर येईल.

काही जणांना वाटेल हा माणूस पर्यटनाच्या विरोधात आहे. नाही हो. ज्या गावातली तरणी पोरं सगळी तळोजा-पनवेलला कामाला गेलीत तिथे दोन घरं जेवणावर चालली तर मला आनंदच आहे. पण रील गाजलं की सहा महिन्यांत तिथे प्लॉटचा एजंट येतो, हेही मी बघितलंय. जेवण वाढणाऱ्या घराने जमीन विकली की पुढच्या वर्षी तेच घर त्याच जागेवर रिसॉर्टात भांडी घासतं.

तुम्हाला दोन-तीन जागा या यादीत नाहीत असं वाटत असेल, तर त्या मुद्दाम नाहीत. त्यातल्या दोन गावांना मी विचारलं होतं. एक म्हणालं, पाण्याची योजना पुरी होईपर्यंत नको. दुसऱ्या गावात दोन गट पडले, अजून ठरत नाहीये. ठरेपर्यंत मी लिहिणार नाही, फोटोही टाकणार नाही. कुणी इनबॉक्समध्ये विचारू नका.

बाकी पेण, रोहा, तळा, सुधागडमधल्या मंडळींनो, २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. विषय आधी लेखी द्या, नाहीतर 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी ढकलतात आणि तोवर लोक उठलेले असतात. ठराव झाला, कुठलाही झाला, या म्हणायचा किंवा येऊ नका म्हणायचा, तर त्याची प्रत मला पाठवा. बातमी लावतो.