‘दूध काढा’ म्हणतात, कसं ते कुणी सांगत नाही

शाळेत तोंडी परीक्षा चालू होत्या आणि आपाचा फोन आला. भाची बाळंत झाली होती, ३२व्या आठवड्यातच. मुलगी झाली, वजन दीड किलो. बाळ काचेच्या पेटीत, आई वरच्या मजल्यावर वॉर्डात. मी रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोहोचले.

जिन्यापाशी घरातली माणसं कोंडाळं करून उभी होती. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. ते साधारण ३४व्या आठवड्यापासून जमायला लागतं. म्हणून नाकातून नळी घातली होती. त्या नळीतून द्यायला डॉक्टरांनी मिल्क बँकेतलं दूध सुचवलं होतं आणि घरच्यांची सही हवी होती. भाचीच्या सासूबाई म्हणत होत्या, “कुणाचं दूध आहे तेच माहीत नाही. उद्या पोरीचं लग्न ठरवताना दूधभाऊ कोण, हे कसं कळणार?”

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडे दुधाचं नातं रक्ताच्या नात्याइतकं मानतात. हजरत हलीमा सादियांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९मध्ये आशियातली पहिली मिल्क बँक सुरू झाली. अशा बँकेत बऱ्याचदा अनेक आयांचं दूध एकत्र करून, तापवून, जंतू मारून ठेवतात. ते कुणाचं हे बाळाच्या घरच्यांना कळत नाही. यावर उलमांचंही एकमत नाही. आमच्या भावजींनी मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावला. ते म्हणाले, “जिवाचा प्रश्न आहे, थांबू नका.” सही झाली.

पण मला वेगळाच प्रश्न पडला होता. बाळाची आई वरच्या मजल्यावर आहे, मग तिच्या दुधाचं काय?

वर गेले तर भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी स्टीलची वाटी. “खाला, सिस्टर वाटी ठेवून गेली. म्हणाली, दूध काढा. मी दाबलं, खूप दुखलं, काहीच आलं नाही. मला दूधच नाही.”

ती वाटी पाहिली आणि मी अठरा वर्षं मागे गेले. माझा थोरला अडीच महिन्यांचा होता आणि माझं बी.एड. चालू होतं. सकाळी सराव पाठ, दुपारी तासिका. अकरा वाजले की छाती दगडासारखी व्हायची, ओढणी भिजायची. कॉलेजच्या संडासात उभी राहून मी बोंडं पिळायची. दोन थेंब यायचे, डोळ्यांतून मात्र भरपूर. महिन्याभरात गाठ झाली, ताप आला, दूध आटत गेलं. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. आईनं मुलाला पूर्ण दोन वर्षं पाजण्याबद्दल सूरह बकरात आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाळ एकीकडे आणि आई दुसरीकडे असताना काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पोरगा डब्याच्या पावडरीवर वाढला. चांगला वाढला, पण मी स्वतःला बरीच वर्षं दोष दिला.

धाकटीच्या वेळी एका वयस्कर सिस्टरनं पाच मिनिटं दिली. स्वतःच्या गालावर अंगठा आणि बोट ठेवून तिनं दाखवलं. पाच मिनिटांचीच गोष्ट होती ती!

तेच मी भाचीला शिकवलं. पुरुषमाणसांना बाहेर पाठवलं, पडदा ओढला. आधी हात साबणानं स्वच्छ धुतले. गरम पाण्यात पिळलेला रुमाल छातीवर ठेवला, हलक्या हातानं चोळलं. मग तिला थोडं पुढं वाकून बसवलं. अंगठा वर, पहिलं बोट खाली, बोंडापासून दोन-तीन बोटं मागं, काळसर भागाच्या कडेला. आधी आत, बरगड्यांकडे दाबायचं. मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे दाबायचं. मग सोडायचं. दाब, आवळ, सोड. बोटं कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही, कारण दूध बोंडात नसतं, मागं असतं. थेंब थांबले की बोटं फिरवून दुसरीकडे. चार-पाच मिनिटांनी दुसरी बाजू, मग परत पहिली. दुखलं तर पद्धत चुकतेय असं समजायचं.

पहिली दोन मिनिटं काहीच आलं नाही. भाची रडकुंडीला आली. मी मोबाइलवर बाळाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. पान्हा मनाशी जोडलेला असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. भीतीनं तो अडतो, बाळ डोळ्यांपुढे आलं की फुटतो. आणि पिवळाधमक थेंब आला. मग दुसरा. वीस मिनिटांत वाटीचा तळही झाकला नाही. भाची म्हणाली, “एवढंसंच?”

सिस्टरनं मात्र ते सिरिंजमध्ये असं ओढून घेतलं, जसं अत्तर. हा चीक. पहिले दोन-तीन दिवस तो थेंबा-थेंबानंच येतो, आणि अशा बाळाला तेवढाही मोलाचा.

पुढचं काम चिकाटीचं. दिवस-रात्र धरून आठ ते दहा वेळा, रात्रीही. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं. ‘साठू दे, मग काढू’ म्हटलं की आटतं. दोन दिवस बाळाला बँकेचंही दूध लागलं. चौथ्या दिवशी आईचंच पुरायला लागलं. आज पोरगी पाच महिन्यांची आहे, अंगावर पिते. ज्या अनोळखी आयांचं दूध दोन दिवस मिळालं, त्यांच्यासाठी आपा नमाजनंतर दुआ मागते.

भाची पुढच्या महिन्यात कामावर जाणार आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजण्यासाठी सुट्टी, ही तरतूद कायद्यात आहे. ती मागायला मी तिला सांगितलंय. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास, फ्रीजमध्ये एक दिवस, आणि पाजायचं वाटी-चमच्यानं, हेही तिनं वहीत लिहून घेतलंय. छाती लाल झाली, ताप आला तर थेट डॉक्टर.

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की नुसतं सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे. आधी करून दाखवा, मग विद्यार्थ्याकडून करून घ्या. वाटी उशाशी ठेवून ‘काढा’ म्हणणं हे फक्त सांगणं झालं. तुमच्या घरात कुणाला सातवा महिना लागला असेल, तर ओटीत फळांबरोबर ही पाच मिनिटंही घाला. आणि तिला आधीच सांगून ठेवा: पहिल्यांदा वाटीचा तळ झाकला नाही, तरी दूध आहे.