गाय, व्हाउचर आणि वाचनवर्ग

जगात कागद शेवटपर्यंत वाचणारी माणसं दोनच. एक वकील आणि दुसरा ऑडिटर. बँकेतल्या 22 वर्षांच्या नोकरीनंतर माझं हे मत पक्कं झालं आहे. त्या दोघांनाही वाचण्याचे पैसे मिळतात. बाकीची जनता फक्त 'सही कुठं करू?' एवढंच विचारते.

अशा जनतेच्या मुलांचा वाचनवर्ग घ्यायला आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला सांगितलं. "तुम्ही लिहिता, शिवाय रविवारी बँक बंद असते," ही माझी पात्रता! यवतमाळात साहित्य संमेलन दोनदा भरलं. 1973 साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, 2019 साली अरुणा ढेरे. तेव्हा आमच्या जिल्ह्याला साहित्याचं वावडं आहे असं कोणी म्हणू नये. पण मांडवात माणसं बसवणं वेगळं आणि रविवारी सकाळी नववी-दहावीतली 14 पोट्टी बसवणं वेगळं. त्यातून विषय ठरला 'आजचं माहितीपर व वैचारिक लेखन'. राजपुत्र नाही, भूत नाही, खून तर नाहीच. पहिली जांभई विषयाच्या नावालाच आली.

सुरुवात केली नरेंद्र जाधवांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' या 1993 सालच्या पुस्तकानं. जाधव रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. फरक एवढाच, की ते पैशाच्या धोरणाचा विचार करत आणि मी तोच पैसा थुंकी लावून मोजतो. गावकीचं काम झुगारून मुंबई गाठणारा तो बाप मुलांना आवडला. सगळं छान चाललं होतं. इतक्यात अध्यक्ष डोकावले आणि म्हणाले, "मग मुलांनो, यातून काय बोध घेतला?" चौदाही चेहरे बँकेच्या शटरसारखे खाली आले.

बँकेत व्हाउचरशिवाय आकडा खरा धरत नाहीत. मी तोच नियम वर्गाला लावला. राक्षसाला तोंडं दहा की अकरा, यावर कोणी तक्रार अर्ज देत नाही. पण जो लेखक 'हे खरं आहे' म्हणतो, त्याला 'दाखवा' म्हणायचा वाचकाला हक्क आहे. प्रत्येकानं एक वाक्य घरी न्यायचं, आजोबांना, अडत्याला, ज्याला माहीत असेल त्याला विचारायचं आणि पुढच्या रविवारी सांगायचं: बरोबर, चूक, की अर्धं बरोबर.

त्या आठवड्याचा मजकूर होता 2006 साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या 3,750 कोटींच्या पॅकेजवर. त्यात शेतकऱ्यांना जोडधंद्यासाठी गाई दिल्याचा उल्लेख होता. पुढच्या रविवारी मागच्या बाकावरचा एक पोट्टा उठला.

"सर, हे अर्धंच हाये."

"काऊन रे?"

"गाय देल्ली हे लिहिलं. ते खाते काय, हे नाई लिहिलं. आमच्या आज्याले भेटली होती. आजी म्हने, दूध इकून ढेप आना, ढेप खाऊन ते दूध देईन, मंग पुन्हा ढेप!"

"मंग?"

"मंग इकली."

वर्ग हसला. पण एक मुलगी म्हणाली, तिच्या काकांची गाय चांगली चालली. त्यांच्या वावरात विहीर होती. दोन व्हाउचरं, दोन्ही खरी आणि जुळत नाहीत! मग जे भांडण जुंपलं, ते तासाभरानं वाचनालयाच्या शिपायानं दिवे घालवले तेव्हाच थांबलं. जांभई एकाचीही नाही.

पी. साईनाथांचं 1996 सालचं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावानं आलं आहे. "दुष्काळ कोनाले आवडते सर?" इथूनच त्यावरच्या वर्गाला सुरुवात झाली. ओडिशातल्या एका भागात जर्सी संकराची योजना आली, गावठी बैल खच्ची केले आणि शेवटी दूधच आटलं, ही त्यातली हकिकत वाचली तेव्हा आजोबांचा नातू ओरडला, "सर, हे तर आमचीच गाय!" ओडिशा ते यवतमाळ एवढं अंतर मी तरी नकाशाशिवाय कोणाला ओलांडताना पाहिलं नव्हतं.

2024 च्या पावसाळ्यात पीकविमा एका रुपयात होता. एक रुपया दिलेला कागद कोण वाचतो? त्या काकावाल्या मुलीनं वाचला. वर्ग सोडून ती निघाली. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, नुकसान 72 तासांत कळवा म्हनून लिहिलं हाये. आमच्या कपाशीत पानी परवा घुसलं. बाबाले मालूमच नाई." पैसे मिळणं ही पुढची गोष्ट, तक्रार मात्र मुदतीत गेली.

वाचनसंस्कृती वाढली पाहिजे, असं भाषण करणाऱ्यांनी मे महिन्यात, पीककर्जाच्या दिवसांत, माझ्या काउंटरवर येऊन पाहावं. ती पोरगी बापाच्या शेजारी उभी राहून अर्जाची मागची बाजूसुद्धा मोठ्यानं वाचते. प्रत्येक कलमाला मला 'म्हणजे काय?' विचारते. माझं जेवण तीन वाजेपर्यंत लांबतं, रांग पार दाराबाहेर जाते. आणि रांगेतली माणसं कुरकुर करत नाहीत. कान देऊन ऐकतात.